वाबेन धुतलं, पंप अजून बंदच

वाचकाचं पत्र : मी सांगलीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घराच्या कुंपणाला कण्हेर आहे, तिच्या विषाबद्दल वाचता वाचता प्रोजेक्टचा विषय सुचला. हेला पेशी (माणसाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या) सहा वेलच्या, म्हणजे सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवल्या, पेशीचा सोडियम पंप बंद पाडणारं, कण्हेरीच्या विषाच्या जातीचं वाबेन २०० नॅनोमोलर १ तास दिलं, थंड पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या द्रावणाने) तीनदा धुतलं आणि साधं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा द्रव घातला. १ तासाने पेशी फोडून फ्लेम फोटोमीटरवर (ज्वाळेच्या रंगावरून सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं, तर पोटॅशियम कमीच आणि सोडियम जास्तच. तीनदा केलं, तेच. सर म्हणतात पेशी मेल्या असतील. वर्गातली मुलं म्हणतात वाबेन एकदा बसलं की कायमचं बसतं. साताऱ्याच्या मैत्रिणीने हाच डोस एच-९-सी-२ पेशींना दिला, तर तिच्याकडे काहीच झालं नाही. सोडियम पंप पुन्हा चालू होतो का, किती वेळात, आणि कॉलेजच्या साधनांत ते दाखवायचं कसं? जाता जाता : पलूसची माझी आजी डिजॉक्सिनची गोळी घेते, हृदयाचं हे औषध वाबेनच्याच जातीचं. तिच्या हृदयातले पंप असेच बंद आहेत का?

उत्तर :

तुमच्या पेशी बहुधा मेलेल्या नाहीत आणि वाबेन कायमचंही बसत नाही. तुम्ही मोजलं फार लवकर, आणि धुतलं चुकीच्या द्रावणाने. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. तिच्याकडे येऊच, आधी धुण्याचा हिशेब मांडू, कारण "अजून धुवायला हवं होतं" हा सल्ला तुम्हाला चार जण तरी देतील.

वेलमध्ये २ मिली द्रव असतो. ओढून घेतल्यावर तळाशी साधारण ०.१ मिली उरतो. त्यावर पुन्हा २ मिली घातलं की उरलेलं वाबेन सुमारे २० पट विरळ होतं, तीनदा धुतल्यावर ८,००० पट. २०० नॅनोमोलरचं उरलं ०.०२५. एवढ्याने पंपाला काही होत नाही. म्हणजे मोकळं वाबेन पहिल्या पाच मिनिटांतच संपलं होतं. उरलं ते पंपात बसलेलं, आणि ते धुण्याने निघत नाही. "सुटलेलं वाबेन परत बसत असेल" अशीही शंका काढतात. हेला पेशीवर साधारण १० लाख पंप असतात. वेलमध्ये १० लाख पेशी धरल्या तर सगळे मिळून १.७ पिकोमोल. सगळंच्या सगळं सुटून २ मिली मीडियममध्ये आलं तरी ०.८ नॅनोमोलरच होईल. ती शंकाही इथेच सोडून द्या.

आता बसतं कसं ते. पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. या फेऱ्यात एक अवस्था अशी येते की पंपाला फॉस्फेट लागलेला असतो आणि तोंड बाहेरच्या बाजूला उघडं असतं. खरं तर तिथे पोटॅशियम यायचं असतं. वाबेन नेमकं त्याच वेळी, बाहेरूनच, त्या पोकळीत शिरतं आणि फेरा अडकवून ठेवतं. म्हणून बाहेर पोटॅशियम जास्त असेल तर वाबेन हळू बसतं, कमी असेल तर भराभर. मीडियममधलं पोटॅशियम दर वेळी तेवढंच आहे ना, हे बघायलाच हवं. दोन बॅचच्या निकालांत फरक पडण्याचं हे नेहमीचं कारण.

हे बसणं रासायनिक बंधाने जखडल्यासारखं नसतं. ते सुटतं, फक्त हळू सुटतं. मानवी पेशींतल्या अल्फा-१ प्रकारच्या पंपावरून वाबेन सुटायला तास लागतात. अल्फा-२ ते बरंच लवकर सोडतो. हेलामध्ये मुख्यतः अल्फा-१ आहे. रेणूला जोडलेल्या साखरेमुळे पकड घट्ट होते, तर साखर नसलेलं स्ट्रोफँथिडिन काही मिनिटांत सुटतं. तापमानाचा तर फारच फरक पडतो. ३७ अंशांवर जे तासांत सुटेल ते बर्फावर जवळपास सुटतच नाही. थंड पीबीएसने धुऊन तुम्ही मोकळं वाबेन काढलंत, पण बसलेलं होतं तिथेच गोठवलंत.

तरीही फक्त सुटण्यावर भिस्त ठेवून पेशी बसून राहत नाही. वाबेन बसलेला पंप पेशी आवरणावरून आत ओढून घेते आणि लायसोसोममध्ये, म्हणजे आपल्या मोडतोडीच्या कप्प्यात, मोडीत काढते. त्याच्या जागी नवा बनवून पाठवते. नव्या पंपाचे अल्फा आणि बीटा हे दोन भाग आतल्या जाळीत आधी एकमेकांना जोडले जातात, बीटावर साखरेच्या साखळ्या चढतात, आणि मगच जोडी आवरणाकडे निघते. पेशीच्या आत सोडियम वाढलं आणि पोटॅशियम घटलं की तोच निरोप ठरून पंपाचं उत्पादन वाढतं. नुसत्या कमी पोटॅशियमच्या मीडियममध्ये वाढवलेल्या हेला पेशींवरही पंपांची संख्या वाढते, वाबेनचा थेंबही नसताना. म्हणून "पंप परत आला" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच : जुना सुटला, की नवा आला?

वेळेचा अंदाज तुमच्या कॉलेजच्या कॅल्क्युलेटरवरच बांधता येतो. हेला पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. म्हणजे १० लाख पंप असलेली पेशी नुसती वाढतानाही दिवसाला आणखी १० लाख पंप करते, तासाला सरासरी ४२,०००. वाबेनने ७० टक्के, म्हणजे ७ लाख बंद केले, तर रोजच्याच वेगाने ते भरायला जवळपास १७ तास. उत्पादन दुप्पट केलं तर आठ-नऊ. हा ढोबळ हिशेब आहे. जुने मोडीत निघणं आणि काही सुटून मोकळे होणं यात धरलेलं नाही. पण १ तासाने काय दिसायला हवं होतं ते यातून कळतं : चार टक्के. तेवढा तर तुमच्या पिपेटचा फरक असेल.

शिवाय पंप परत येणं आणि पोटॅशियम परत भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीवरची मोटार दुरुस्त झाली म्हणून वरची टाकी त्याच क्षणी भरत नाही. तुम्ही टाकीची पातळी मोजलीत आणि त्यावरून मोटार बंद आहे असं ठरवलंत. उलट चूकही होते, आणि ती जास्त फसवी असते. काही पंप बंद पडले की आत सोडियम चढतं, आणि चढलेल्या सोडियममुळे उरलेले पंप जास्त जोरात चालतात. म्हैसाळ योजनेतले काही पंप बंद असताना बाकीचे जास्त तास चालवून कालव्याची पातळी राखावी, तसं. तिसरा हिस्सा पंप बंद असूनही पोटॅशियमचा आकडा जवळपास नेहमीचा दिसू शकतो. त्या आकड्यावरून "रिकव्हरी झाली" असं लिहिलेले प्रोजेक्ट कमी नसतील.

आणखी एक गाठ आहे, आणि सगळ्या विषयात आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नवे पंप करायचे तर प्रथिनं बनवावी लागतात, आणि प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला आत भरपूर पोटॅशियम लागतं. वाबेनचा डोस मोठा असेल किंवा वेळ लांबली, तर आतलं पोटॅशियम निम्म्याच्याही खाली जातं आणि प्रथिनांचं कामच मंदावतं. मग ज्या कारखान्यातून पंप यायचा तोच थंड पडतो. म्हणून १ तास वाबेन दिलेली पेशी दुसऱ्या दिवशी ठणठणीत असते, आणि तोच डोस रात्रभर दिलेली धुऊनही परत येत नाही. दोन्हींत वाबेन तेच, आत उरलेलं पोटॅशियम वेगळं. रात्रभराचा प्रयोग करून "वाबेन कायमचं बसतं" असा निष्कर्ष काढणारे याच जागी घसरतात.

तुमच्या मैत्रिणीचं कोडं एका ओळीचं आहे. एच-९-सी-२ पेशी उंदराच्या जातीतल्या रॅटच्या हृदयातल्या आहेत. रॅट आणि माऊस यांच्या अल्फा-१ पंपात १११ आणि १२२ या जागांवरची अमिनो आम्लं वेगळी आहेत, त्यामुळे वाबेनची पकड मानवी पंपापेक्षा सुमारे हजार पट सैल. तिथे नॅनोमोलर चालत नाही, दहा ते शंभर मायक्रोमोलरच्या घरात जावं लागतं. आणि पकडच सैल असल्याने धुतल्याबरोबर सुटतंही. तिने रॅटच्या पेशींवर "रिकव्हरी पाच मिनिटांत" असं दाखवलं तर ते खरं असेल, पण मानवी पेशींबद्दल काही सांगणार नाही. रुईच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखरातही याच १२२ नंबरच्या जागी बदल आहे. विष पचवायची वाट दोघांनी वेगवेगळी शोधली आणि पोचले एकाच दाराशी. तिला तुमच्याच प्रयोगाशी तुलना करायची असेल तर हेला किंवा हेक-२९३ या मानवी पेशी घ्यायला सांगा.

आता तुमचं पीबीएस. हिशेब पाहा. हेला पेशीचं आकारमान साधारण २ पिकोलिटर धरलं तर १० लाख पेशींचा आतला द्रव २ मायक्रोलिटर होतो. आत पोटॅशियम १४० मिलिमोलर, म्हणजे २८० नॅनोमोल. सोडियम १२ मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे २४ नॅनोमोल. आणि वेलच्या तळाशी उरलेल्या ०.१ मिली पीबीएसमध्ये सोडियम किती? १५० मिलिमोलरने १५,००० नॅनोमोल. पेशीतल्या सोडियमच्या सहाशे पट! तुमच्या फोटोमीटरने पेशी मोजली नाही, पीबीएस मोजलं. सोडियम "जास्तच" आहे हे तुमच्या आकड्यांवरून म्हणताच येत नाही. पीबीएसमध्ये पोटॅशियम क्षार असतील, बहुतेक नुस्ख्यांत ते असतात, तर त्याचेही ४०० नॅनोमोल मिसळले. कंट्रोलमध्येही तेवढेच मिसळले म्हणून फरक दिसला, पण खरा फरक किती होता ते बुडालं.

मोजण्याआधीचं शेवटचं धुणं १०० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने करा. सहा पाण्याच्या रेणूंचा क्षार असेल तर लिटरला २०.३३ ग्रॅम. पीएच ७.४ ट्रिसने करा, सोडियम हायड्रॉक्साइडने नको. बर्फावर, वेलला २ मिली, चारदा, आणि सगळं मिनिटभरात उरकायचं. पहिल्या हिशेबानेच आता तळाच्या १५,००० नॅनोमोलचं ०.१ उरतं. इथे थंडच हवं, कारण इथे आपल्याला सगळं आहे तिथेच थांबवायचं आहे. वाबेन काढायचं धुणं मात्र ३७ अंशांच्या मीडियमने. दोन धुणी, दोन उद्देश. एकाच बाटलीतून दोन्ही करायचा मोह होतो, तो आवरा.

पेशी फोडायला ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट डीआयोनाइज्ड पाण्यात, १ मिली. एसडीएस हे डिटर्जंट वापरू नका, त्याच्या नावातला पहिला एस सोडियमचाच आहे. १ मिलीत पोटॅशियम सुमारे ११ पीपीएम आणि सोडियम ०.५५ पीपीएम यायला हवं. म्हणून पोटॅशियमचे स्टँडर्ड २ ते २० पीपीएम आणि सोडियमचे ०.२ ते ५ पीपीएम करा, त्याच ट्रायटनच्या पाण्यात. सोडियमच्या या पातळीवर काचेची भांडी, हाताचा घाम, साबण सगळं आकड्यात येतं. प्लास्टिकच्या नळ्या घ्या, आणि बाजारातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर भरवसा न ठेवता पेशी नसलेली एक रिकामी वेल प्रत्येक प्लेटमध्ये तशीच धुऊन मोजा. ही रिकामी वेल, म्हणजे ब्लँक, ०.१ पीपीएमच्या वर गेला तर त्या दिवशीचा सोडियम टाकून द्यायचा, मग कितीही जिवावर येवो.

हे झालं टाकीच्या पातळीचं. मोटारीसाठी पंपातून प्रत्यक्ष किती जातं ते मोजावं लागतं. जुनी पद्धत किरणोत्सारी रुबिडियम-८६ ची, कारण पंपाला रुबिडियम आणि पोटॅशियम यांत फारसा फरक कळत नाही. त्या परवान्याच्या आणि विल्हेवाटीच्या भानगडीत एम.एस्सी.ला पडायचं कारण नाही. साधं रुबिडियम क्लोराइड चालतं. पेशीत मुळात रुबिडियम जवळजवळ नसतंच, त्यामुळे आत सापडेल ते तुमच्या दहा मिनिटांतलंच. बफर असा : सोडियम क्लोराइड १४०, रुबिडियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपेस १०, सगळे मिलिमोलर, पीएच ७.४, पोटॅशियम शून्य. ५ मिलिमोलर म्हणजे रुबिडियम क्लोराइड लिटरला ०.६० ग्रॅम. यात १० मायक्रोमोलर ब्युमेटानाइड घाला, नाहीतर सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडच्या दुसऱ्या वाटेनेही रुबिडियम आत येतं आणि पंपाच्या नावावर जमा होतं. अर्ध्या वेलना १५ मिनिटं आधी १०० मायक्रोमोलर वाबेन देऊन सगळेच पंप बंद करायचे. दोन्हींतला फरक म्हणजे पंपाचं काम. ३७ अंशांवर बरोबर १० मिनिटं, मग वरचंच मॅग्नेशियमचं धुणं. वाचायला अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन, ७८० नॅनोमीटर, नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये सारखंच ०.१ टक्का पोटॅशियम क्लोराइड घालून, कारण ज्वाळेत रुबिडियमचं आयनीभवन सहज होतं आणि आकडे वर-खाली होतात. कॉलेजात यंत्र नसेल तर नमुने नळ्यांत घट्ट बंद करून न्यायचे. सांगलीहून कोल्हापूर काही लांब नाही.

उरलेले पंप जोर लावून चुकीचं चित्र दाखवतात हे वर सांगितलं. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या वेलना रुबिडियमच्या ५ मिनिटं आधी १० मायक्रोमोलर मोनेन्सिन. त्याने आत सोडियम भरतं, प्रत्येक पंप पूर्ण वेगाने चालतो, आणि जो आकडा येतो तो चालू पंपांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. मोनेन्सिनशिवाय आणि मोनेन्सिनसह, दोन्ही मोजलंत तर प्रोजेक्टला वजन येईल.

डोस आधी ठरवा. ५०, १००, २०० आणि ५०० नॅनोमोलर, १ तास, आणि शून्य वेळेला पंपाचं काम ५० ते ७० टक्के घटवणारा डोस निवडा. ९५ टक्के घटवणारा निवडलात तर वर सांगितलेल्या पोटॅशियमच्या गाठीत अडकाल. वाबेन तोलताना बाटलीवर ऑक्टाहायड्रेट लिहिलंय का बघा. असेल तर रेणुभार ७२८.८ धरायचा, १ मिलिमोलरच्या १० मिलीसाठी ७.२९ मिलिग्रॅम. ५८४.६ धरून तोललं तर द्रावण २० टक्के पातळ होतं आणि डोसचा आलेख कुणाशीच जुळत नाही. प्रकाशापासून दूर ठेवा. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय कुणाला असेल तर त्याला या टेबलापासून लांब ठेवा. आणि कण्हेरीच्या पानांचा अर्क आत्ताच नको. त्यात ओलिअँड्रिनसकट कितीतरी ग्लायकोसाइड (वाबेनच्या जातीची, साखर जोडलेली विषं) असतात, किती ते तुम्हाला माहीत नसतं. शुद्ध वाबेनवर पद्धत बसली की मग अर्क.

वेळा ०, १, ३, ६, १२, २४ तास. प्रत्येक वेळेला तीन गट : काहीच न दिलेला, वाबेन देऊन धुतलेला, आणि वाबेन देऊन धुतल्यावर मीडियममध्ये मिलीला १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड असलेला. तिसऱ्या गटात नवं प्रथिन बनत नाही. तिथेही पंपाचं काम वाढलं तर ते सुटण्यातून आलं. दुसऱ्यात वाढलं आणि तिसऱ्यात नाही, तर नव्या पंपांतून. तीन-तीन वेल आणि प्रत्येकाला पूर्ण बंदची जोडी धरली तर १०८ वेल होतात, बारा वेलच्या ९ प्लेटा. पहिल्यांदा एवढा पसारा मांडू नका. ०, ६ आणि २४ तासांवर सुरुवात करा. सायक्लोहेक्झिमाइडचा गट मात्र ६ तासांवर थांबवा, २४ तासांत ते स्वतःच पेशी मारायला लागतं आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. पैसे उरले तर स्ट्रोफँथिडिनचा एक गट ठेवा. ते धुतल्यावर लगेच पंप परत आला तर तुमचं धुणं आणि मोजणं दोन्ही बरोबर आहे, हे परीक्षकासमोर एका आलेखात सिद्ध होतं.

याहून स्वस्त पुरावा हवा असेल तर माणसाच्या तांबड्या पेशी आहेत, अर्थात नैतिक समितीची परवानगी घेऊन. ग्लायकोसाइड पोटॅशियमची वाहतूक अडवतात हे शॅट्समनने १९५३ मध्ये तांबड्या पेशींवरच दाखवलं, स्कोउने हा पंप ओळखण्याच्या चार वर्षं आधी. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, रायबोसोम नाहीत, नवा पंप करायची सोयच नाही. तिथे जे परत येईल ते फक्त सुटण्यातून. हेला आणि तांबडी पेशी एकाच आलेखावर ठेवलीत तर दोन रेषांमधलं अंतर म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पेशी मेल्या का, हे सरांच्या अंदाजावर किंवा तुमच्या आशेवर सोडू नका. ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या निळ्या रंगाने) मोजा, आणि तरंगणाऱ्या पेशीही मोजा. वाबेनने पेशी तळाची आणि शेजारणीची पकड सोडतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशींत हे फार ठळक दिसतं, आणि वेळेत धुतलं तर त्या पुन्हा चिकटतातही. सुटलेली पेशी म्हणजे मेलेली पेशी नव्हे. पण धुताना ती ओढली जाते, मग वेलमध्ये पेशीच कमी उरतात आणि पोटॅशियम घटल्यासारखं दिसतं. म्हणून आकडा वेलला नाही, प्रथिनाच्या मिलिग्रॅमला लिहा. प्रथिन बीसीए पद्धतीने मोजा, ट्रायटन प्रथिन मोजायच्या ब्रॅडफर्ड पद्धतीला त्रास देतं.

कुणी फॉस्फेट मोजायच्या पद्धतीने एटीपेज, म्हणजे पंप एटीपी किती तोडतो ते, मोजायला सांगेल. पद्धत आपल्याच येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि फिस्क यांची, १९२५ ची, आणि अजून उत्तम चालते. पण फोडलेल्या पेशीत आत ओढून घेतलेले पंपही मोजले जातात, आवरणावरचे किती ते कळत नाही. आणि आधी पीबीएसने धुतलं असेल तर त्यातल्या फॉस्फेटनेच नळी निळी होते, पंप असो वा नसो.

उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि इन्क्युबेटर तासभर थंड झाला तर त्या दिवशीच्या प्लेटा बाद. पंप थंडीत आपोआप मंदावतो, सोडियम चढतं, पोटॅशियम उतरतं, वाबेनशिवायच. नोंदवहीत तापमान लिहायची सवय लावा.

आता आजी. तुम्ही २०० नॅनोमोलर दिलंत. डिजॉक्सिनची रक्तातली पातळी साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतात, म्हणजे जेमतेम १ नॅनोमोलर. गोळी चालू असलेल्या माणसांच्या हृदयाच्या स्नायूत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पंपांवर डिजॉक्सिन बसलेलं आढळलं आहे. बाकीचे चालू असतात, आणि थोडंसं वाढलेलं सोडियम हाच औषधाचा परिणाम, त्यातूनच कॅल्शियम वाढतं आणि हृदयाचं आकुंचन जोरकस होतं. हेलामध्ये दिसतं तसं मानवी हृदयात डिजॉक्सिनमुळे पंपांची एकूण संख्या वाढलेली दिसत नाही. म्हणून प्लेटमधला निष्कर्ष आजीला लावू नका.

औषध अंगातून जायला मूत्रपिंड लागतं. ते नीट असेल तर अर्धं डिजॉक्सिन ३६ ते ४८ तासांत जातं, मूत्रपिंड जवळपास बंद असेल तर साडेतीन ते पाच दिवस. जुलाब, उन्हाळ्यात पाणी कमी पिणं किंवा लघवीची गोळी यांनी पोटॅशियम उतरलं, की तेच डिजॉक्सिन पंपावर जास्त बसतं. कारण वर सांगितलं तेच, पोटॅशियम आणि ग्लायकोसाइड एकाच दाराशी भांडतात. जेवण नकोसं होणं, मळमळ, वस्तूंना पिवळी-हिरवी झाक दिसणं, नाडी फार हळू होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापॅमिल, अमिओडॅरोन यांनी पातळी वाढते, म्हणून दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी डिजॉक्सिनची पट्टी सोबत असू द्या. पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान ६ तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा खोटा उंच येतो. बरोबर पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही करून घ्या. आणि हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आजीलाही करू देऊ नका.